खड्ड्यातला घट

छबूबाईच्या हाताला पाणी कळायचं. वाळू चाळून झाली की ती बादलीत हात बुडवायची, बोटं झटकून शिंपडा मारायची, खोऱ्यानं वाळू पालथी घालायची, पुन्हा शिंपडायची. मग एक मूठ उचलून घट्ट आवळायची. मूठ उघडली की वाळूचा मुटका तळहातावर तसाच राहिला पाहिजे, त्यावर बोटांचे वळ उमटले पाहिजेत, आणि अंगठ्यानं दाबला की काट्कन मोडला पाहिजे. चुरा झाला तर वाळू कोरडी, साचा ढासळणार. मोडताना चिकटला तर वाळू ओली. आणि ओल्या साच्यात लोखंडाचा तापलेला रस पडला तर काय होतं, ते ओतखान्यात कुणी तोंडानं बोलत नसे. विषय निघाला तर माणसं विडी विझवून उठून जात.

सत्तावन्न सालची गोष्ट. कासारवाडीच्या रुळांपलीकडं पत्र्याची एक लांबलचक शेड होती, तोच ओतखाना. पिंपरीच्या माळावर मोठमोठे कारखाने उभे राहत होते. त्यांना लागणारे लोखंडाचे अवजड भाग इथं ओतले जायचे. शेड शेटची, पण माणसं अर्जुनराव मुकादमाची. सकाळी फाटकापुढं बाया-बापे नुसते उभे राहायचे आणि अर्जुनराव बोट दाखवायचा.

"तू. तू. तू न्हाईस, काल जांभया देत हुतीस. ए मोगलाई, चल आत."

मोगलाई म्हणजे छबूबाई. ती परांड्याकडची. निजामाचं राज्य केव्हाच बुडालं होतं, पण पुण्याकडच्या लोकांच्या तोंडातली मोगलाई काही बुडाली नव्हती.

"मला नाव हाय, मुकादम," ती एकदा म्हणाली.

"असंल की! पर रोजच्या माणसाला नाव कशाला? नाव पक्क्या माणसाला. तुझ्या नवऱ्याला एकदा पक्का हू दे, मग छबूबाईसाहेब म्हनतो तुला."

बाया हसल्या. छबूबाईही हसली. पण पक्का हा शब्द तिनं घरी नेला, आणि तिच्या नवऱ्यानं, बन्सीनं, तो उशाखाली घेऊन झोपावं तसा जपला. पक्का म्हणजे गळ्यात पितळी बिल्ला. पक्का म्हणजे सकाळी फाटकापाशी बोटाची वाट बघायची नाही. बन्सी ओतखान्यात डोल उचलायचा. डोल म्हणजे आतून मातीनं लिंपलेलं लोखंडी भांडं, दोन लांब दांड्यांत अडकवलेलं. पुढच्या दांडीला बन्सी, मागच्या दांडीला म्हातारा ज्योतीराम. भट्टीच्या तोंडाला डोल लावायचा, पिवळाधमक रस भरून घ्यायचा आणि एका पावलानं चालत साच्यापर्यंत जायचं. पायात टायरच्या वहाणा, पिंढऱ्यांना गोणपाट. जपायचं एवढंच.

आदल्या वर्षी नवरात्रात छबूबाईनं झोपडीत घट बसवला होता. झोपडी रुळांलगत, भिंती गोणपाटाच्या. चौथ्या माळेच्या दिवशी मालगाडी धडधडत गेली, गोणपाट फडफडलं आणि अखंड तेवायचा दिवा विझला. तिनं लगोलग पुन्हा लावला; पण विझला तो विझलाच. दिवाळीच्या आत बन्सीच्या पायावर रसाचा एक थेंब पडला. वहाण, कातडं, मांस. थेंब सरळ आरपार उतरला. पाय बरा झाला, पण तेव्हापासून डावी टाच टेकायची नाही. बन्सी चालायला लागला की छबूबाईला त्याच्या पायात तो दिवा विझताना दिसायचा.

म्हणून या वर्षी तिला एकच पाहिजे होतं. वारा लागणार नाही अशी जागा.

अशी जागा शेडच्या पार टोकाला होती. कमरेएवढा खोल एक जुना खड्डा. फार मोठं ओतकाम आलं तर साचा त्या खड्ड्यात, जमिनीतच भरायचा. पण तसलं काम क्वचित. एरवी त्यात झाडलोटीची वाळू पडायची.

"गं बया! देवी खड्ड्यात बशिवतीस व्हय?" तानाबाई म्हणाली. तानाबाई इथलीच, कासारवाडीची. घरी शेत होतं, गोठ्यात म्हैस होती. ओतखान्यात ती आपल्या मर्जीनं यायची आणि मुकादमाला मुळीच भ्यायची नाही.

"तिथं वारा नाही, तानाबाई. आन भट्टीपाशी रात्रंदिस कुणी ना कुणी जागं असतंय. दिवा विझायचा नाही."

"आन मुकादम?"

"तुमी इचारा. तुमचं ऐकतेत."

तानाबाईनं विचारलं म्हणजे सांगितलंच. अर्जुनरावानं मान खाजवली, शेट गावाला गेलाय याची खात्री केली, आणि मग स्वतःच नारळ फोडला. "बसू द्या. देवी बसली तर कामं बी येत्याल."

पत्रावळीवर तानाबाईच्या शेतातली काळी माती, मातीत पाच धान्यं, मधोमध कुंभाराकडून आणलेला पाण्यानं भरलेला घट. तो पाझरायचा आणि पाझरून धान भिजवायचा. तसा तो पाझरावाच लागतो. सगळ्या बाया लांबून लांबून आलेल्या. कुणी करमाळ्याकडची, कुणी माणदेशातली, आणि कुणाच्याच झोपडीत घट नव्हता. त्यामुळं जी ती सकाळी आपला तांब्या घेऊन खड्ड्यात उतरायची. "माझा एक देवीला." घटात मावेना ते मातीत ओतायचं, मातीत जिरेना ते खाली. नऊ दिवस, आणि शेडभर बाया. नको म्हणणार कोण?

दिवा काही विझला नाही. खड्ड्यात ज्योत अशी सरळ उभी राहायची की छबूबाई कामातून मान वर करून बघायची आणि तिचा जीव निवायचा.

धान तर तिसऱ्या माळेलाच वर आलं. भट्टीची ऊब, वरून अंधार, भराभर वाढलं. शेवटच्या दिवशी वीतभराहून उंच झालं होतं. सगळ्या काठावर गोळा झाल्या.

"असलं धान म्या जल्मात बगितलं न्हाई," ज्योतीराम खाली वाकून म्हणाला.

"बगशील कसं? तुज्या घरी कदी पुन्य केलंय?" तानाबाई म्हणाली.

"तसं न्हवं गं. पांढरं फटक हाय. उजेड न बघता उगवल्यावानी."

"पिवळं हाय! पिवळं म्हंजी सोनं. सनासुदीचं कायबी बरळू नगंस, म्हाताऱ्या."

छबूबाईनं घट उचलला तर तो हलका लागला. तिनं आत डोकावलं. तळाला घोटभर पाणी. इतके तांबे ओतले, सकाळीसुद्धा ओतले, आणि घट जवळजवळ रिकामा.

"देवी प्याली," तानाबाईनं हात जोडले.

सगळ्यांनी हात जोडले. बन्सीनं धानाची चार पाती उपटून टोपीच्या घडीत, कानावर खोचली आणि विचारलं, "कसा दिसतोय?"

"नवरदेव," तानाबाई म्हणाली. छबूबाई लाजली.

दसरा झाला आणि काम आलं. पिंपरीच्या एका नव्या कारखान्याला मोठ्या यंत्राचा पाया पाहिजे होता, चांगला खाटेएवढा. इतकं मोठं काम अर्जुनरावाच्या हाताखाली आजवर झालं नव्हतं. शेट गाडीतून उतरून आला, खड्ड्याच्या काठावर उभा राहून मुकादमाशी बराच वेळ बोलला, आणि तो गेल्यावर अर्जुनराव सगळ्यांसमोर म्हणाला, "ह्यो पाया नीट निघाला तर शेट माणसं पक्की करणार हाय. पयलं नाव बन्सीचं."

त्या संध्याकाळी बन्सी टाच टेकवून चालत घरी आला. दुखत असणारच, पण टेकवली.

खड्डा उपसला. तळाला कडक मुरूम लागला; एका कोपऱ्यात तो खोलगट होता, तिथली थोडी वाळू तशीच राहिली. जमिनीत साचा भरायचा तर आधी जमीन भाजून घ्यायची, ही रीतच होती. बायांनी लाकडं आणून तळभर पसरली. अर्जुनराव पेटती काडी लावणार, तेवढ्यात तानाबाई ओरडली.

"थांबा! त्या कोपऱ्यात न्हाई हां!"

"का गं?"

"का म्हंजी? घट बसला हुता तिथं. नऊ दिस देवी बसली त्या जागी सरण रचायचं व्हय? कळतंय का न्हाई तुमास्नी?"

अर्जुनरावाच्या हातातली काडी जळत बोटांपर्यंत आली. त्यानं ती टाकली आणि दोन्ही कान धरले. "चुकलो बाबा. तेवढा कोपरा सोडा."

त्या कोपऱ्यातली लाकडं छबूबाईनं स्वतःच्या हातानं उचलली. एकेक ढलपी वेचली, वरून कोरडी पडलेली जागा हातानं झाडून घेतली आणि ती बोटं कपाळाला लावली. जाळ पेटला, खड्डाभर धगधगला, आणि तेवढा कोपरा तसाच काळा राहिला. तिला बरं वाटलं. देवीनं दिवा सांभाळला, आपण देवीची जागा सांभाळली, असं तिच्या मनात आलं.

मग त्यावर साचा चढत गेला. ज्योतीरामनं वाळू ठोकून ठोकून बसवली. वाळू छबूबाईच्या हातची, मूठ बघून दिलेली. वरून लोखंडी पेटी आली आणि तिच्यावर रस ओतायचं तोंड, पसरट, तसराळ्याएवढं. साच्याचा एक पाय देवीच्या कोपऱ्यावर आला. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. उलट अर्जुनराव म्हणाला, "देवीचा हात लागला."

ओतायच्या दिवशी सकाळपासून भट्टीचा पंखा घुमत होता. साचा आणि खड्ड्याची भिंत यांच्यामध्ये एक माणूस जाईल एवढी फट होती. तीत शेवटची वाळू भरायची राहिली होती. छबूबाई घमेलं घेऊन उतरली. भाजलेल्या बाजूची जमीन अजून कोमट लागत होती. ती चालत चालत कोपऱ्यात आली आणि तिचे पाय थांबले.

गार.

तिनं पाऊल उचललं, पुन्हा ठेवलं. माठाखालची जमीन असते तसं गार. वर भट्टी भणभणतेय, पत्रे तापलेत, अंगाला घाम सुटलाय, आणि तळपायाला हे गार. ती खाली बसली. साच्याच्या पायाच्या अगदी कडेला हात खुपसला, मनगटापर्यंत, आणि मूठ भरून घेतली. आवळली. उघडली. अंगठ्यानं दाबलं.

मुटका मोडला नाही. लांबला. कणकेसारखा. आणि त्यातून पांढरं, दोऱ्याएवढं एक मूळ लोंबत राहिलं.

तिनं तो मुटका पदराच्या टोकाला बांधला आणि फट न भरताच वर आली.

बन्सी पिंढऱ्यांना गोणपाट गुंडाळत बसला होता. दसऱ्याची पाती अजून टोपीत होती, वाळून वाकडी झालेली.

"आवं," ती शेजारी बसली. "त्या कोपऱ्यात वल हाय."

"कुठल्या?"

"घटाच्या. पाणी खाली मुरलंय. मुरमानं धरून ठिवलंय. म्या मूठ बघितली."

बन्सीनं सुतळीची गाठ मारली. "साच्यातली वाळू कशी हाय?"

"साच्यातली बेस हाय. खालची वली हाय."

"मंग झालं की. रस साच्यात पडणार, खाली कशाला जातोय?"

"पायाच तिथं टेकलाय! खालची वाफ वर येती का न्हाई? तुमीच सांगा, येती का न्हाई?"

 त्याला माहीत होतं. डोल उचलणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. त्यानं दुसऱ्या पायाला गोणपाट गुंडाळायला घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "छबे, आज काय बोलायलीस तुला कळतंय का? साचा काढायचा म्हणलं तर मुकादम मला आधी काढील. उद्या बिल्ला येणार हाय गळ्यात."

"गळा ऱ्हायला पायजे की."

"तोंड सांभाळ!"

"त्याच्यासाठीच तर घट बसवला म्या! तुमच्या पायासाठी!"

"मंग देवी बघून घेईल," बन्सी म्हणाला आणि उठला. टाच टेकवत गेला.

ती अर्जुनरावाकडं गेली. तो भट्टीच्या तोंडाशी उभा होता, अंगरखा घामानं चिकटलेला, सकाळपासून पोटात अन्न नाही. तिनं सांगितलं. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं, हे खरं. मग म्हणाला, "कसलं पाणी हुतं गं ते?"

"घटाचं."

"म्हंजी कुणाचं?"

तिनं मागं वळून कोपऱ्याकडं बघितलं.

"देवीचं. नारळ कुणी फोडला? म्या. घट कुणी मांडला? तू. लाकडं कुणी उचलली त्या कोपऱ्यातनं? तूच. आन आता म्हनतीस, त्या पान्यानं मानसं मरत्याल. देवीचं पानी मानूस मारतं व्हय? बोल की. देवी मारती का?"

भोवतीची माणसं बघायला लागली. तानाबाई पाटी खाली ठेवून उभी राहिली. छबूबाईच्या तोंडात शब्द होता, पण तो उच्चारला तर जीभ झडेल असं तिला वाटलं. मारती म्हणावं तर देवीला शिवी. मारत नाही म्हणावं तर बन्सी डोल घेऊन निघालाच.

"वल हाय," ती एवढंच म्हणाली. "देवीचं मला ठाऊक न्हाई. वल हाय."

"पन्नास मन लोखंड वितळलंय आत! त्याला काय सांगू, उद्या ये म्हणून? चल, बाया भाईर!"

रस ओतताना बायांनी शेडबाहेर थांबायचं, असा नेम होता. सगळ्या निघाल्या. तानाबाईनं तिचा दंड धरला. "चल गं. काय न्हाई हुयाचं. आपुन मनोभावे केलंय सगळं."

"व्हय," छबूबाई म्हणाली. "तेच तर."

दुपार कलली होती. भट्टीचं तोंड फोडलं. आत दिवस उगवावा तसा उजेड पडला आणि रस डोलात उतरायला लागला. बाया फाटकाशी उभ्या. छबूबाईची वाळू भिजवायची बादली फाटकाच्या आतच राहिली होती, निम्मी भरलेली. ती तिच्याकडं बघत होती. पहिला डोल भरला. "उचला!" अर्जुनरावाचा आवाज. बन्सीनं पुढची दांडी दोन्ही हातांनी उचलली, ज्योतीरामनं मागची. एक पाऊल. दुसरं. बन्सीची डावी टाच टेकली, आणि त्याच्या चालीत ते जुनं लचकणं पुन्हा आलं.

छबूबाई बादली घेऊन धावली.

"ए! ए बाई! कुणी सोडली हिला? धरा!"

पण डोलाच्या वाटेत धावायची कुणाची छाती होईना. ती साच्यावर चढली. एका पायानं पेटीची कड, दुसऱ्या पायानं खड्ड्याचा काठ. आणि सगळ्या शेडच्या देखत तिनं बादली साच्याच्या तोंडात उपडी केली. पाणी गळगळ करत आत गेलं.

क्षणभर नुसता पंख्याचा आवाज.

मग सगळे एकदम मागं सरले. खालची ओल कुणालाच दिसली नव्हती. हे पाणी सगळ्यांनी बघितलं होतं. कामं टाकून, खोरी टाकून, शिव्या देत माणसं भिंतीला जाऊन चिकटली. कुणी तिला शिवी दिली, कुणी बन्सीला ओरडून सांगितलं, "मागं! मागं फिर, बन्सी!"

"रांड, सत्यानास केलास!" अर्जुनराव ओरडला. "बन्सी, चरात वत! चरात!"

उरलेला रस ओतायला वाळूत चर काढलेले असत, ते शेडच्या दुसऱ्या टोकाला. डोल तिकडं वळवायचा म्हणजे दोघांनी जागच्या जागी फिरायचं. बन्सी फिरला. ज्योतीराम म्हातारा, त्याचं लक्ष साच्यावर चढलेल्या बाईकडं होतं. मागची दांडी खाली गेली. डोल कलंडला तो खड्ड्याच्या काठावर.

सगळा नाही. ओंजळ-दोन ओंजळी असेल. पिवळा रस काठावरून ओघळला आणि भिंतीच्या कडेकडेनं फटीत उतरला. भाजलेल्या जमिनीवरून वळवळत, लाल होत होत कोपऱ्याकडं गेला. छबूबाईनं वरून बघितलं. तिनं बादली टाकली आणि बन्सीच्या अंगावर झेप घेतली; डोल दुसऱ्या अंगाला वाळूत उलथला.

आवाज कसा झाला ते नंतर कुणालाच नीट सांगता आलं नाही. तानाबाई म्हणायची की खालून कुणीतरी दार ठोठावलं. कोपरा उठला. वाळू, मुरूम, कोळशाचे तुकडे आणि रसाच्या ठिणग्या उलट्या पावसासारख्या वर गेल्या. पत्र्यांना भोकं पडली आणि त्या भोकांतून कलतं ऊन शेडमध्ये आलं. खाटेएवढा तो साचा एका बाजूनं उचलून तिरपा झाला.

मेलं कुणी नाही. ज्योतीरामच्या मांडीला आणि हाताला भाजलं होतं. तो ओरडत नव्हता, नुसता हात समोर धरून बघत होता. बन्सीचा कान भाजला, टोपीची कड जळाली. धानाची पाती होती त्या जागी भोक.

अर्जुनराव उठला. अंगावरची वाळू झटकली.  तो ओरडला ते फाटकातून आत आलेल्या सगळ्यांनी ऐकलं.

"पानी वतलं हिनं! बघितलं ना समद्यांनी? बादली घिऊन आली आन पानी वतलं!"

"मुकादम, पाणी साच्यात वतलं म्या. उडालं ते कोपऱ्यातनं. साचा बगा, तोंडातनं काय सुदिक उडालं न्हाई..."

"बादली वतली का न्हाई?"

"वतली."

"मंग!"

छबूबाईनं तानाबाईकडं बघितलं. तानाबाई कोपऱ्याकडं बघत होती. तिथं आता मोठा खळगा पडला होता आणि त्यातून वाफ निघत होती. तानाबाईनं बघितलं, ओळखलं, आणि पदर तोंडाला लावला. देवीचा कोपरा फुटला हे ती कुठल्या तोंडानं म्हणणार? त्यापेक्षा बाईनं बादली ओतली हे सोपं होतं. "येड लागलं गं बाई हिला," ती हळूच म्हणाली. कुणाकडंही न बघता.

त्याच संध्याकाळी दोघांना फाटकाबाहेर काढलं. रुळांच्या कडेनं ती झोपडीकडं चालली. पुढं बन्सी, कानाला फडकं धरून. मागं छबूबाई. बरीच वाट सरली. मग मागं न बघता म्हणाला, "पक्का झालो असतो."

"व्हय."

"खरं सांग. तुझ्या बादलीनं उडालं का कोपऱ्यानं?"

तिनं पदराची गाठ सोडली. मुटका तसाच होता, सकाळच्या तिच्या बोटांचे वळ घेऊन. बन्सीनं तो हातात घेतला, अंगठ्यानं दाबला. लांबला. त्यानं तो उलटासुलटा करून बघितला, पांढरं मूळ चिमटीत धरलं, आणि सावकाश मुटका तिच्या तळहातावर परत ठेवला. टोपी काढली, जळालेल्या घडीतून बोट फिरवलं. पुन्हा घातली.

"कुणाला दावू नको," तो म्हणाला.

"का?"

"देवीच्या कोपऱ्यातली हाय म्हणून सांगशील. मंग बादलीपेक्षा वंगाळ व्हील."

तिनं तो मुटका फेकला नाही. पुन्हा बांधून ठेवला.

बन्सीच्या कानाची जखम वाळली तशी ती दोघं चिंचवडच्या वाटेवरच्या एका ओतखान्यापुढं जाऊन उभी राहिली. तिथलं फाटक तसंच, गर्दी तशीच. तिथला मुकादम उंच होता आणि पान खात होता, पण बोट तेच. बोलणं त्यांच्या आधी येऊन पोचलं होतं. कासारवाडीची ती पाणी ओतणारी, परांड्याची. बायाबाया कुजबुजत बाजूला सरकल्या आणि तिच्याभोवती मोकळी जागा झाली.

"डोल उचलतोस का?" मुकादमानं बन्सीला विचारलं.

"उचलतो."

"टाच काय झाली?"

"काय न्हाई. जुनं हाय."

"चल आत. तू न्हाईस गं. तुला ठाऊक हाय का ते."

बन्सी थांबला. वळून तिच्याकडं बघितलं. छबूबाईनं मान हलवली: जा. तो गेला, डावी टाच टेकत, उचलत, टेकत. पत्र्याच्या आतल्या अंधारात त्याची पाठ दिसेनाशी झाली. थोड्या वेळानं पंखा घुमायला लागला. तोच आवाज.

पाट्या घेऊन आत निघालेल्या बायांत एक तरणी पोर होती, हातात रिकामी बादली हलवत चाललेली. छबूबाईनं तिचा पदर धरला.

"बाय, थांब जरा. हितं वाळूला पाणी कोण मारतं?"

"कोण म्हंजी? जो रिकामा असंल तो. आज मी."

"मूठ बगतीस का?"

"कसली मूठ?" पोरगी हसली आणि पदर सोडवून आत पळाली.

आतून कुणीतरी ओरडलं, "पाणी आण गं, पाणी!" छबूबाई फाटकाच्या गजांना धरून उभी राहिली. तिच्या मुठी आवळत होत्या, उघडत होत्या, पुन्हा आवळत होत्या. आणि त्यांत काहीच नव्हतं.